वारें फाटीक

बेतीच्या रात्रशाळेत त्या शनिवारी
शिकवायचं होतं दुसरंच काही.
पण उद्या झावळ्यांचा आयतार, अर्धा वर्ग रिकामा,
पंखा बंद,
तळहाताच्या घामाने खडू मऊ पडलेला.
म्हटलं, चला, हिमातली लढाई सांगतो.

सन चौदाशे एकसष्ट. असाच झावळ्यांचा रविवार.
एका राज्याला दोन राजे,
दोघांचा मूळ पुरुष एकच.
इंग्लंडात टौटन गावाबाहेरच्या माळावर
हजारो माणसं उभी, पोटात काही नाही,
आणि आभाळ खाली यायला लागलं
पांढरं, आडवं, डोळ्यांत जाणारं.

हिम म्हणजे कसं, सर?
मी गप्प. मीही कुठे पाहिलं होतं.
सावरीचा कापूस म्हणणार, तेवढ्यात मागून रुझार,
मालीमच्या जेटीवर बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीचा,
नखं कायमची निळसर,
म्हणाला, क्रशरातून लादी फुटून उडते ना, तसं.
तोंडावर आलं की माणूस आंधळा.
वारें फाटीक जाय, सर.

नेमकं तेच.
ज्यांच्या पाठीशी वारा होता
त्यांचे बाण लांब गेले.
एक झड सोडून ते थोडे मागे सरले.
समोरच्यांनी डोळे मिटून भाते रिकामे केले,
सगळे बाण अलीकडेच हिमात रुतले.
मग यांनी ते उपटले
आणि ज्यांचे त्यांना परत केले.

वर्ग हसला. रुझार नाही हसला.
वारा फिरला असता तर?
तर पुस्तकात दुसरा राजा असता, मी म्हटलं,
आणि एकदम खांडोळ्याची आमची विहीर आठवली.

सदुसष्ट साल. मी नऊ वर्षांचा.
भिंतीभिंतीवर कुठे फूल, कुठे दोन पानं.
फूल म्हणजे महाराष्ट्रात जायचं,
पानं म्हणजे वेगळं राहायचं,
एवढं आम्हा पोरांना कळे.
आबा फुलाचे. शाणूकाका पानांचा.
जानेवारीत पानं जिंकली.
रक्त? छे. आमच्या घरात कोणाचं नखही तुटलं नाही.
फक्त फेब्रुवारीत विहिरीला दुसरा रहाट बसला,
आणि आई पाणी ओढायची तेव्हा
काकू घागर घेऊन आत थांबायची.
फूल आणि पानं एकाच झाडाची,
असं मी निबंधात लिहिलं.
मास्तरांनी दहापैकी चार दिले.

तिकडेही म्हणे फुलंच होती,
एक पांढरा गुलाब, एक तांबडा.
पण ती गोष्ट पुढच्यांनी सजवली.
ओढ्यात उतरताना कोणाला आठवतो गुलाब.

हो, ओढा सांगायचा राहिला.
पळणाऱ्यांच्या वाटेत होता, गार, फुगलेला.
अंगावर लोखंड.
पुढचे पडले, मागचे त्यांच्यावरून गेले.
मोजणाऱ्यांनी मेलेले अठ्ठावीस हजार मोजले,
नंतरच्या पंडितांना तो आकडा पटला नाही.
मी फळ्यावर लिहिला, मग पुसला.

शाळा सुटल्यावर रुझारबरोबर जेटीपर्यंत गेलो,
फेरीला वेळ होता.
क्रशर चालू. ट्रॉलरच्या पोटात बर्फ कोसळत होता,
खाली माशांच्या रक्ताचं पाणी
सिमेंटवरून वाट काढत मांडवीत.
रुझारने माझा दंड धरला, मला फिरवलं.
हांगा रावात, सर. वारें फाटीक.
उभा राहिलो. खरंच, काही लागलं नाही.

समोर एक पोरगा, तोंडाला टॉवेल,
डोळे मिटून फावडं मारत होता,
भुवया पांढऱ्या.
मी विचारलं, त्याला का नाही कोणी फिरवत?

तो माझा भाऊ, रुझार म्हणाला,
बारा वाजले की आम्ही जागा बदलतो.

बाराला अजून दोन तास होते.